परब्रह्म: वाद ‘एक’वर नाही, जगावर आहे

जनकाच्या सभेत विदग्ध शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? उत्तर येतं, ३३०६. ‘बरं, पण देव किती?’ तेहेतीस. शाकल्य हटत नाही. मग सहा, तीन, दोन, दीड आणि अखेर एक. दीड म्हणजे वाहणारा वारा. एक म्हणजे प्राण, आणि तेच ब्रह्म. बृहदारण्यक उपनिषदातल्या या झाडाझडतीत परब्रह्माच्या, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेल्या एका अंतिम तत्त्वाच्या, कल्पनेची घडण जवळून दिसते.

त्याआधी ऋग्वेदात ‘ब्रह्म’ म्हणजे बहुतेक ठिकाणी स्तोत्र, मंत्र आणि मंत्रातलं सामर्थ्य. सगळ्याच्या मुळाशी ‘ते एक’ होतं, असं त्यातलं सृष्टीच्या आरंभावरचं नासदीय सूक्त म्हणतं खरं, पण त्याला ब्रह्म म्हणत नाही. उलट सृष्टी कुठून आली हे वरच्या अध्यक्षालाही ठाऊक असेल की नसेल, अशा शंकेवरच थांबतं. ‘ब्रह्म’ आणि ‘ते एक’ हे दोन धागे पुढे जुळत गेले. ‘शतपथ ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथात आरंभी ब्रह्मच होतं, असं स्पष्ट विधान येतं.

उपनिषदांनी ‘एक’ पक्कं केलं, पण पुढच्यांसाठी पेच ठेवला. याज्ञवल्क्य गार्गीला अक्षर, म्हणजे अविनाशी, तत्त्व सांगतो ते नकारांनी: स्थूल नाही, अणू नाही, आखूड नाही, लांब नाही. छांदोग्य उपनिषद मात्र ‘सर्वं खल्विदं ब्रह्म’, हे सगळं ब्रह्मच आहे, असं म्हणून मोकळं होतं. दोन्ही श्रुतीच, म्हणजे प्रमाण मानलेली वेदवचनं; टाकणार कोणतं? बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांनी हे सगळं एका धाग्यात ओवायचा प्रयत्न केला. त्यातलं दुसरंच सूत्र, ‘जन्माद्यस्य यतः’, म्हणजे या जगाची उत्पत्ती, स्थिती, लय ज्यापासून होतात ते ब्रह्म. ब्रह्माची ओळखच जगावरून! आणि सूत्रं इतकी त्रोटक की भाष्याशिवाय पान हलत नाही.

म्हणून खरं रण माजलं ते भाष्यांत. साधारण आठव्या शतकातले शंकराचार्य निर्गुण ब्रह्मच अंतिम सत्य मानतात; दोरीवर साप भासावा तसं जग त्याच्यावर भासतं. रामानुजांना हे साफ नामंजूर: जीव आणि जग खरे आहेत, ते ब्रह्माचं शरीर आहेत आणि ब्रह्म म्हणजे अनंत कल्याणगुणांचा नारायण. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी ईश्वर, जीव आणि जड यांच्यातला भेद कायमचा मानला. वल्लभाचार्यांनी तर मायेचा, म्हणजे जग भासवणाऱ्या शक्तीचा, आधार न घेता जग ब्रह्माचंच खरं रूप ठरवलं. शाळांमध्ये वेदान्त म्हणजे शंकराचार्य एवढंच उरतं, हे या वादावर अन्यायच आहे.

मराठीत ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘अमृतानुभवा’त याच प्रश्नाला हात घातला. अज्ञानामुळे जग भासतं, हे मत त्यांनी एक अख्खं प्रकरण खर्चून खोडलं: ज्ञानस्वरूप वस्तूत अज्ञान राहीलच कुठे? मग दिसतं ते काय? त्या वस्तूनेच स्वतःला पाहण्यासाठी घेतलेली रूपं, चैतन्याचा विलास.