आधी गोठतील की आधी गुदमरतील?

घोडे, पिस्तुले आणि अवकाशयाने एकाच गावात नांदवणारी ‘फायरफ्लाय’ ही मालिका 2002 साली अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर आली. तिच्या ‘आउट ऑफ गॅस’ या भागात सेरेनिटी नावाच्या जुनाट मालवाहू यानावर वाढदिवस चालू असतो. केकवरच्या मेणबत्त्या विझवायच्या तेवढ्यात इंजिनघरात स्फोट होतो आणि आगीचा लोळ आत घुसतो. कप्तान मालखान्याचे दार उघडून तो लोळ बाहेरच्या निर्वात पोकळीत सोडून देतो. आग विझते, पण इंजिनातला हातात मावेल एवढा एक भाग तुटलेला असतो आणि त्यापायी हवा शुद्ध ठेवणारी यंत्रणाही बंद पडते. पुढे रिव्हर ही मुलगी धास्तावलेल्या धर्मोपदेशकाला अगदी शांतपणे सांगते, की आपण हवेवाचून मरणार नाही, त्याआधी थंडीने गोठून मरू.

हे म्हणणे तपासून पाहण्याजोगे आहे. निर्वात पोकळी म्हणजे थर्मासच्या दोन भिंतींमधली जागाच. तिथे उष्णता वाहून न्यायला हवा नसते, त्यामुळे ती केवळ प्रारणाने, म्हणजे न दिसणाऱ्या लहरींच्या रूपाने बाहेर पडते. मात्र ही एक वाटही अरुंद नाही. साध्या खोलीच्या तापमानाचा, रंग दिलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे 400 वॅट उष्णता फेकतो, तर स्वस्थ बसलेला माणूस जेमतेम 100 वॅट देतो. म्हणजे यानावरच्या नऊ जणांची सगळी ऊब अडीच चौरस मीटर पत्र्यातूनच निघून जाईल. सूर्यापासून दूर असलेले उघडेबोडके यान काही तासांत गारठू लागेल, तेव्हा रिव्हरला वेड्यात काढता येत नाही. खऱ्या यानांना मात्र धातूचा मुलामा दिलेल्या पातळ पापुद्र्यांचे अनेक थर गुंडाळलेले असतात आणि त्यांचे गारठणे पुष्कळच लांबते.

हवेचा हिशेब वेगळा आहे. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. तो 16 टक्क्यांच्या आसपास उतरला की मेणबत्ती विझते, माणूस मात्र तेवढ्यावर तग धरतो. बंद जागेतली साधी आगही अशाच पातळीला मंदावते, म्हणून यानावर हवा कमी उरली ती आगीने सगळा प्राणवायू खाल्ल्यामुळे, असे म्हणण्यापेक्षा उघडलेल्या दारातून हवाच निघून गेली, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. त्यातही आधी घात करतो तो आपलाच उच्छ्वास. कार्बन डायऑक्साइड 3 टक्क्यांवर गेला की डोके दुखते, धाप लागते. 10 टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. दहा घनमीटरच्या बंद खोलीत स्वस्थ बसलेला एक माणूस साधारण 40 तासांत हे प्रमाण 5 टक्क्यांवर नेतो आणि तेव्हाही तिथे प्राणवायू 15 टक्के उरलेला असतो. कप्तान इतरांना दोन छोट्या यानांतून पाठवून एकटा मागे राहतो, तेव्हा भावनेचा भाग सोडला तरी त्याचे गणित बरोबर आहे: उच्छ्वास टाकणारी तोंडे नवावरून एकावर येतात.

गारठा आणि गुदमर यांची ही शर्यत एप्रिल 1970 मध्ये प्रत्यक्षात झाली. चंद्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या अपोलो 13 मधली प्राणवायूची टाकी फुटल्यावर तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरण्यासाठीच्या, दोघांपुरत्या बनवलेल्या चांद्रयानात जाऊन राहिले. वीज वाचवण्यासाठी बंद ठेवलेल्या मुख्य यानात तापमान 3-4 अंश सेल्सिअसपर्यंत घसरले आणि भिंतींवर दव साचले. पण जीवावर बेतले ते कार्बन डायऑक्साइडमुळे. तो शोषून घेणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे मुख्य यानात चौकोनी होते आणि चांद्रयानातली खाच गोल. शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, अंतराळपोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांचा जुगाड करून चौकोनी डबा बसवला, तेव्हा कुठे प्रमाण खाली आले.

सेरेनिटीवर सगळे बंद पडूनही कृत्रिम गुरुत्व तेवढे चालू राहते, हे मालिकावाल्यांना खर्चापायी माफ करावे लागते. कप्तानाच्या मात्र ते पथ्यावर पडते. गुरुत्व नसते तर उबदार उच्छ्वास वर गेला नसता, पंखे बंद असल्याने तोंडाभोवतीच साचला असता आणि अंधारात निपचित बसलेल्या कप्तानाचे डोके, यानभर हवा शिल्लक असतानाच, ठणकू लागले असते.