सूर्यवंशी माणसाचं घड्याळ

उशिरा उठणाऱ्याला आपल्याकडे 'सूर्यवंशी' म्हणतात आणि त्या शब्दात आळशीपणाचा आरोप असतो. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. रात्री दीड-दोनशिवाय ज्यांचा डोळा लागत नाही, त्यांची झोप बहुतेकदा पुढे सरकलेली असते, एवढंच. ती अलीकडे आणता येते. पण सोमवारपासून एकदम पहाटे पाचचा गजर लावला तर काम बिघडण्याचीच शक्यता जास्त.

डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. हे आपलं मुख्य घड्याळ. शरीराचं तापमान, रात्र झाल्याचा इशारा देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक, झोप यांच्या वेळा ते सांभाळतं. १९९९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी माणसाच्या या घड्याळाचा दिवस मोजला, तो सरासरी २४ तास ११ मिनिटांचा भरला. म्हणजे ते मुळातच थोडं मागे पडणारं. ते रोज लावावं लागतं, आणि लावतो तो उजेड. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींचं मुख्य काम चित्र दाखवणं नसतंच. निळसर उजेड किती आहे, हे त्या या पुंजक्याला कळवत राहतात.

खरी मेख पुढेच आहे. उजेड तोच, पण वेळेप्रमाणे त्याचा परिणाम उलटा होतो. आपल्या नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. त्यानंतर डोळ्यांत शिरलेला उजेड झोप अलीकडे आणतो. त्याआधीचा उजेड ती आणखी पुढे ढकलतो. सुट्टीच्या दिवशी आपोआप साडेनऊला जाग येणाऱ्याच्या शरीरात पहाटे पाचला अजून मध्यरात्र असते. तेव्हा ट्यूबलाइट लावून बसलं की घड्याळाला नेमका उलटा इशारा मिळतो. चार दिवसांत माणूस थकतो आणि दोष स्वतःच्या इच्छाशक्तीला देतो.

२०१९ साली ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा २२ जणांवर केलेला प्रयोग मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. ही मंडळी सरासरी रात्री अडीचला झोपून सकाळी सव्वादहाला उठत. त्यांना नेहमीपेक्षा दोन-तीन तासच लवकर उठायला सांगितलं. उठल्यावर बाहेरचा भरपूर उजेड, लगेच न्याहारी, व्यायाम सकाळीच. दुपारी तीननंतर कॉफी नाही, चारनंतर डुलकी नाही, रात्रीचं जेवण सातच्या आत. सुट्टीच्या दिवशीही हेच वेळापत्रक. तीन आठवड्यांत त्यांचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आलं. झोप कमी झाली नाही. ताण आणि उदासी मात्र कमी झाली.

साडेआठच्या लोकलने घरी पोचणाऱ्याला सातला जेवणं जमणार नाही, हे खरं. यातली एकच गोष्ट निवडायची तर मी सकाळचा उजेड निवडेन. लक्स हे उजेड मोजण्याचं एकक. पावसाळी सकाळीही उघड्यावर हजारो लक्स उजेड असतो, ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम काही शे. म्हणून पहिला चहा गच्चीवर घ्यावा किंवा दूध आणायला पायी जावं. गजर दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे घ्यावा आणि झोपण्याआधीचे दोन तास घरातले दिवे मंद ठेवावेत.

पाचच्या आकड्याचा हट्टही सोडावा. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मुंबई ७३ अंशांच्या जवळ. त्यामुळे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे चालतो. १९५५ पर्यंत या शहरात वेगळा 'बॉम्बे टाइम' टिकून होता, तो एवढ्याच फरकाचा. जानेवारीत इथे सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, नागपुरात वीसेक मिनिटं आधी. आपल्या परंपरेतला ब्राह्ममुहूर्तही सूर्योदयापासून मागे मोजतात. जानेवारीत मुंबईत तो साडेपाचनंतरच सुरू होतो.

वयाचा भाग वेगळा. किशोरवयात हे घड्याळ आपोआप उशिराकडे सरकतं आणि विशीच्या आसपास सर्वांत उशिरा चालतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते चांगलंच झालं. पण अकरावी-बारावीची मुलं अजूनही अनेक ठिकाणी सातच्या तासाला अर्धवट झोपेत येऊन बसतात, आणि घरी सूर्यवंशी म्हणून बोलणीही तीच खातात.