म्युझियममधली समर रिसर्च: आधी मासा, मग स्पुतनिक

अमेरिकेत कॉलेजची पोरं उन्हाळ्यात म्युझियममध्ये जाऊन इव्होल्यूशनवर रिसर्च करतात, वर स्टायपेंडही मिळतो, याचं आता कोणाला काही वाटत नाही. पण मागे मागे गेलं की गाठ पडते निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासीशी, आणि गंमत म्हणजे या गड्याला डार्विनचं म्हणणं शेवटपर्यंत पटलं नव्हतं!

हार्वर्डचं म्युझियम ऑफ कम्पॅरेटिव्ह झूऑलॉजी त्याने १८५९ला उभं केलं. सॅम्युअल स्कडर शिकायला आला तेव्हा त्याच्यापुढे स्पिरिटमधला एक मासा ठेवला आणि सांगितलं, बघ. भिंग वापरायचं नाही. दहा मिनिटांत त्याला वाटलं झालं सगळं बघून, पण तोच मासा पुढे तीन दिवस बघावा लागला, कंटाळून चित्र काढायला घेतलं तेव्हा कुठे नवीन नवीन गोष्टी दिसायला लागल्या. १८७३च्या उन्हाळ्यात अगासीने मॅसॅच्युसेट्सच्या पेनिकीज बेटावर जवळपास ५० जणांची समर स्कूल भरवली, त्यात बायकाही होत्या. डिसेंबरात तो वारला, शाळा पुढच्या उन्हाळ्यानंतर बंद पडली, पण सुट्टीत जाऊन स्वतःच्या हाताने शिकायची कल्पना टिकली.

पैसा मात्र आला रशियामुळे. १९५७ला स्पुतनिक, म्हणजे रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह, वर गेला, अमेरिका हादरली आणि १९५८पासून नॅशनल सायन्स फाउंडेशन ही सरकारी संस्था कॉलेजच्या पोरांच्या (अंडरग्रॅड) रिसर्चला पैसे द्यायला लागली. ८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद, मग १९८७ला आरईयू (रिसर्च एक्सपिरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स) नावाने परत चालू. न्यूयॉर्कचं अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी, शिकागोचं फील्ड म्युझियम यांनी त्याच पैशावर प्रोग्रॅम चालवलेत.

आता म्युझियमच का, तर ड्रॉवर. ओढला की कापूस भरलेले पक्षी ओळीने उताणे पडलेले, प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, त्यावर जागा, तारीख, नर की मादी, कोणी गोळा केला. चिठ्ठी हरवली की रिसर्चसाठी तो पक्षी जवळपास गेलाच म्हणायचा. कित्येक वर्षं काम म्हणजे कॅलिपरने (बारीक मापं घ्यायच्या अवजाराने) चोच, पंख मोजणं. मग १९८४ला क्वागाच्या, म्हणजे झेब्र्याच्या एका नामशेष प्रकाराच्या, जुन्या कातड्यातून डीएनए मिळाला, शेवटचा क्वागा १८८३लाच मेलेला! तेव्हापासून या ड्रॉवरांचा भावच बदलला, आता पक्ष्याच्या बोटाखालचा इवलासा तुकडा कापून डीएनए काढतात, अर्थात आधी क्युरेटरची (संग्रह सांभाळणाऱ्याची) परवानगी, कारण कापलेलं परत जोडता येत नाही.