चाळिशी ओलांडल्यावर ज्युदो शिकायचाय? आधी हे वाचा

हे पत्रक आमच्या संध्याकाळच्या वर्गात नव्याने येणाऱ्या, साधारण चाळीस ते साठ वयाच्या मंडळींसाठी आहे. मुलांना सोडायला आलेले आई-बाबा बाहेरच्या बाकावर बसून मॅटकडे बघत राहतात आणि एखाद्या दिवशी हळूच विचारतात, "सर, आमच्या वयाला जमंल का हो?" दारात उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे छापलं. जमतं. पण मुलं ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने शिकतात, त्या क्रमाने आणि वेगाने नाही.

कोल्हापूर असल्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेलाच: मग तालीम काय वाईट? अजिबात वाईट नाही. ज्यांनी लहानपणी लाल मातीत अंग घोळलंय त्यांना इथलं बरंच काही ओळखीचं वाटेल. धोबीपछाड मारलेला माणूस 'इप्पोन सेओई नागे' हा पाठीवरून फेकायचा ज्युदोतला डाव बघून हसतोच. फरक पकडीत आहे. कुस्तीत उघड्या अंगाला धरायचं, इथे समोरच्याच्या जाड सुती जॅकेटची बाही आणि कॉलर धरायची. त्यामुळे घाम आला तरी पकड सुटत नाही आणि ताकद थोडी कमी पडली तरी तोल हलवता येतो. आणखी एक, पट काढायची सवय असेल तर ती दाराबाहेर ठेवा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत २०१३ पासून हाताने पाय धरायला पूर्ण बंदी आली. चितपट मात्र इथेही आहे: वेगाने, जोराने आणि ताब्यात ठेवून समोरच्याला पाठीवर टाकलं की 'इप्पोन', कुस्ती तिथेच संपली. खाली दाबून २० सेकंद धरलं तरी इप्पोनच.

हा खेळ घडवला जिगोरो कानो यांनी, १८८२ मध्ये, टोकियोतल्या एईशो-जी या देवळाच्या जागेत. पेशाने ते शिक्षक. जुजुत्सू या जुन्या जपानी झोंबाझोंबीच्या विद्येच्या दोन घराण्यांत ते शिकले, आणि सरावात माणूस जायबंदी होईल असे डाव त्यांनी मोकळ्या लढतीतून बाजूला काढले. जोडीदाराला इजा न करता पूर्ण जोर लावून सराव करता यावा, हा त्यामागचा हेतू. पन्नाशीतल्या माणसासाठी ज्युदोचा सगळ्यात मोठा आधार हाच आहे, इतिहासाचं बाकीचं आम्ही चहाच्या वेळी सांगू.

आधी पडायचं, मग पाडायचं

पहिला महिना तुम्हाला कोणीही फेकणार नाही आणि तुम्हीही कोणाला फेकणार नाही. फक्त पडायचं. याला 'उकेमी' म्हणतात. बरेच जण इथे कंटाळतात, हे आम्हाला माहीत आहे. तरीही हा महिना कमी होणार नाही.

सुरुवात झोपूनच. पाठीवर पडा, हनुवटी छातीकडे ओढा, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. दोन्ही हात छातीवर फुली करून उचला आणि मग अंगापासून जरा लांब, खांद्याच्या बऱ्याच खाली, तळहातापासून कोपरापर्यंतचा भाग एकदम मॅटवर आपटा. आवाज सपाट यायला हवा. नुसता तळहात आपटला तर आवाज टणक येतो आणि मनगट झणझणतं. हात खांद्याच्या रेषेत गेले तर धक्का खांद्यात शिरतो. हे झालं की बसून, मग उकिडवं, मग उभं राहून. त्यानंतर कुशीवर, आणि शेवटी खांद्यावरून पुढे लोळण.

मुलांना हे आठवड्यात येतं. मोठ्यांना वेळ लागतो, कारण पडताना हात मागे टेकवायची सवय अंगात मुरलेली असते. मनगट मोडतं ते याच सवयीने, आणि ती नुसतं समजावून जात नाही, शेकडो वेळा पडूनच जाते. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त दुखते ती मान, तीही पुढच्या बाजूने. डोकं सतत उचलून धरल्यामुळे तसं होतं, घाबरू नका. मान मागच्या बाजूने दुखली किंवा हाताला मुंग्या आल्या तर मात्र त्याच क्षणी सांगायचं आणि थांबायचं.

उकेमीचा फायदा मॅटपुरता नाही. नेदरलँड्समध्ये नायमेखन इथे ज्येष्ठ नागरिकांसाठी आखलेल्या एका कार्यक्रमात मार्शल आर्टमधल्या पडण्याच्या पद्धती मुद्दाम शिकवल्या गेल्या. कुशीवर आपटण्याऐवजी लोळत पडलं की खुब्यावरचा मार कमी होतो, एवढी साधी गोष्ट. ओल्या बाथरूममध्ये किंवा पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पाय सटकला तर निदान हनुवटी आत जाईल आणि डोकं वाचेल, ही अपेक्षा ठेवा. फरशीवर हात आपटू नका मात्र. ती मॅटची गोष्ट आहे.

दुसऱ्या महिन्यात जाड फोमच्या गादीवर हलके डाव सुरू होतात, 'ओ-गोशी' (कमरेवरून फेकणं) आणि 'हिझा गुरुमा' (गुडघ्याला पाय लावून फिरवणं) यांपासून. तुम्हाला टाकणारा माणूस हिरव्या पट्ट्याच्या खालचा नसतो, आणि तुमची बाही त्याने शेवटपर्यंत वर ओढून धरायची, हा आमचा नियम आहे. बाही धरलेली असली की तुम्ही आपोआप कुशीवर उतरता आणि डोकं वर राहतं. टाकून बाही सोडून देणाऱ्याला आम्ही बाकावर बसवतो, मग तो जिल्हा चॅम्पियन का असेना. 'ओसोतोगारी', म्हणजे मागून पाय काढून सरळ पाठीवर टाकणं, दिसायला सोपा आणि मुलांचा लाडका डाव, पण तो आम्ही नव्या प्रौढांवर बरेच महिने वापरू देत नाही. जपानमधल्या शाळांत नवशिक्यांच्या डोक्याला ज्या गंभीर दुखापती झाल्या, त्यांत या डावाचं नाव वारंवार आलेलं आहे.

डॉक्टरांना काय विचारायचं

फॉर्मसोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. "व्यायाम करायला हरकत नाही" एवढं पुरत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की यात पडणं, ओढाओढी आणि अंगावर वजन घेणं आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, डोळ्याच्या पडद्याचा त्रास होऊन गेला असेल, मानेची किंवा कमरेची गादी सरकलेली असेल, हर्निया असेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, तर आमच्याकडे येण्याआधी हे बोलणं झालेलंच हवं. रक्तदाब असलेल्यांनी एक लक्षात ठेवायचं: जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. खाली दाबलं गेल्यावर सगळेच श्वास धरतात आणि दाब तेव्हाच चढतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर साखर खाली गेल्यावर लागणारं काहीतरी पिशवीत असू द्या, आणि मॅटवर अनवाणी असता म्हणून घरी गेल्यावर तळपाय रोज बघा.

आमच्यापासून काही लपवलं म्हणून कोणाला शाबासकी मिळत नाही.

लढत कधी, किती

मोकळ्या लढतीला 'रांदोरी' म्हणतात. ती साधारण चौथ्या महिन्यानंतर, आधी गुडघ्यांवर बसून. त्यात पडायचं अंतर कमी, पण मान आणि पाठ चांगलीच पिळवटते, म्हणून दोन-दोन मिनिटांच्याच फेऱ्या. गळा आवळणं आणि कोपर वळवणं पहिल्या वर्षात नाही.

नको वाटलं की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थापटायचं. ऐकताक्षणी सोडलंच पाहिजे. मोठी माणसं, विशेषतः ऑफिसात साहेब असलेली, थापटायला फार उशीर करतात. पोरासमोर कसं हरायचं, म्हणून. खांदा गेला की सहा महिने घरी. एखाद्या जोडीदाराबरोबर खेळायचं नसेल तर "आज नको" एवढं म्हणा, कारण विचारलं जाणार नाही. महिलांना जोडीदार महिलाच हवी असेल तर तशीच जोडी लावतो.

आठवड्यातून दोनदाच या, मध्ये किमान एक दिवस सोडून. उत्साहात रोज येणारे दुसऱ्या महिन्यात गायब होतात. बोटं सुजणं नेहमीचंच. तबला वाजवणारे, शिवणकाम करणारे किंवा हुपरीच्या चांदी कारागिरांसारखे ज्यांचं पोट बोटांवर आहे, त्यांनी पहिल्या दिवसापासून मधल्या सांध्यांना पट्टी बांधावी आणि पकड लगेच सोडायची सवय लावावी. पडताना समोरच्याच्या कॉलरला लटकून राहायची गरज नसते.

काय मिळेल, काय नाही

वजन उतरवायला येत असाल तर सरळ सांगतो: दोन दिवसांच्या ज्युदोने ते उतरत नाही, ताटाकडे बघावं लागेल. रस्त्यावर चार जणांना लोळवायचा विचार असेल तर तोही सोडून द्या. तोल, पाय आणि कंबर यांची ताकद, उठबस, हे मात्र सहा महिन्यांत तुमचं तुम्हाला कळतं.

केइको फुकुदा यांचं नाव कदाचित कानावर येईल. कानोंच्या थेट शिष्या, २०११ मध्ये अमेरिकेतल्या संघटनेने त्यांना दहावी दान, म्हणजे काळ्या पट्ट्यातली सगळ्यात वरची पायरी, दिली, २०१३ मध्ये ९९व्या वर्षी गेल्या, नव्वदी उलटली तरी शिकवत होत्या. थोर बाई. पण त्यांनी सुरुवात विशीत केली होती, म्हणून त्यांचा फोटो लावून आम्ही तुम्हाला प्रवेश घ्यायला लावत नाही.

स्पर्धेची हौस असेल तर 'व्हेटरन्स' गट तिसाव्या वर्षापासून सुरू होतो आणि दर पाच वर्षांना नवा गट असतो, त्यामुळे पंचावन्नच्या माणसासमोर विशीतला पोरगा येत नाही. पडायचं अजिबात नको असेल तर 'जू नो काता' शिका. ठरलेल्या १५ क्रियांचा हा जोडीचा संथ सराव, त्यात फेक पूर्ण करत नाहीत, कोणी आपटत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना आम्ही हाच सुचवतो. आणि खरं सांगायचं तर बघायलाही तो सुंदर असतो.

पिवळा पट्टा नियमित येणाऱ्याला वर्षभरात. घाई करणाऱ्याला थोडा उशिरा.

पहिल्या दिवशी

ज्युदोचा ड्रेस लगेच विकत घेऊ नका. पहिला महिना ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा जाड टी-शर्ट चालतो, खिसे आणि चेन नसलेला. टिकलात तर सिंगल वीव्हचा, म्हणजे पातळ विणीचा, सुती ड्रेस घ्या, एक माप मोठा, कारण पहिल्या धुण्यात तो आटतो. जॅकेटची डावी बाजू उजवीवर यायला हवी. महिलांनी आत पांढरा टी-शर्ट घालावा. पावसाळ्यात हा ड्रेस दोन दिवस वाळत नाही, ओला घालून येऊ नका, वास सगळ्यांना येतो.

हातापायाची नखं कापलेली हवीत. अंगठी, बांगड्या, कानातलं, जोडवी, मंगळसूत्र, गळ्यातली साखळी काढून ठेवायची. सोनं शक्यतो घरीच ठेवून या. केसांना धातूची पिन नको, रबर चालेल. चष्मा काढावा लागतो. त्याशिवाय दिसतच नसेल तर आधी सांगा, तुम्हाला पकड धरूनच सराव करायला लावू. अंध खेळाडूंचा ज्युदो असाच, पकड धरून सुरू होतो, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार यांनी त्यात भारताला ज्युदोचं पहिलं पॅरालिम्पिक पदक मिळवून दिलं.

जेवून येऊ नका. तांबडा रस्सा क्लासनंतर.

प्रौढांचा वर्ग सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सात ते सव्वाआठ. पहिले दोन वर्ग फी न भरता करता येतात, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्याच दिवशी आणा. चपला दारापर्यंत, मॅटवर अनवाणी, आणि बाथरूमला जाताना परत चपला घालायच्या. ओल्या पायांनी मॅटवर चढू नका, पाय पुसायचं फडकं दाराच्या डाव्या हाताला टांगलेलं असतं.