सरोवरांचे सुपोषण

गोड्या पाण्यात फॉस्फरस, नायट्रोजन अशी पोषकद्रव्ये अतिरिक्त साचली की शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात. तिचे मुख्य कारण निर्विवाद दाखवून देण्यात सरोवरशास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर (१९४०–२०२१) यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

अमेरिकेतील फार्गो येथे जन्मलेले शिंडलर ऑक्सफर्डला परिस्थितिकी शिकले. १९६८ पासून दोन दशके त्यांनी कॅनडात, ओंटारियो प्रांताच्या वायव्य भागात केनोराजवळच्या प्रायोगिक सरोवर क्षेत्राचे नेतृत्व केले. त्या काळी अमेरिका-कॅनडा सीमेवरचे ईरी सरोवर शेवाळाने ग्रासले होते आणि साबण उद्योग डिटर्जंटमधल्या फॉस्फेटऐवजी (फॉस्फरसच्या संयुगाऐवजी) कार्बनला दोष देत होता. त्याला आधार होता तो बाटल्यांतल्या छोट्या प्रयोगांचा. शिंडलर यांनी अख्खे सरोवरच प्रयोगाला घेतले. १९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या सरोवराच्या चिंचोळ्या भागात प्लास्टिकचा पडदा ताणून त्यांनी त्याचे दोन भाग केले. कार्बन व नायट्रोजन दोन्हींकडे घातले, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. काही आठवड्यांत तीच बाजू हिरवीगार झाली. विमानातून टिपलेले ते छायाचित्र शेकडो तक्त्यांपेक्षा प्रभावी ठरले. डिटर्जंटमधील फॉस्फेटवर मर्यादा घालण्याच्या बाजूने तो ठोस पुरावा झाला.

पुढे २२३ क्रमांकाच्या सरोवरात थोडेथोडे आम्ल घालून त्यांनी आम्लपर्जन्याचा परिणाम तपासला. ट्राउट माशांआधी त्यांचे खाद्य असलेले लहान जीव नाहीसे झाले आणि ट्राउट उपासमारीने रोडावले. १९९१ मध्ये पहिला स्टॉकहोम जल पुरस्कार त्यांना मिळाला.

गोव्यातली तळी या उत्तरेकडील सरोवरांहून घडणीनेच वेगळी आहेत. तिकडची सरोवरे हिमनद्यांनी कोरलेल्या खडकात आहेत, हिवाळाभर बर्फाखाली असतात आणि त्यांतले पाणी बदलायला वर्षे लागतात. करमळी, कुडतरीची तळी गावकऱ्यांनी बांध घालून केलेली. पाऊस ओसरताना मानस (पाणी अडवायचे दार) लावून पाणी अडवायचे आणि वायंगण म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला सोडायचे, ही त्यांची रीत. पाण्याबरोबर पोषकद्रव्येही शेतात जातात. ही व्यवस्था फार मोलाची आहे, कारण तळ्यात जे साचले असते ते भाताच्या पोटी जाते. वायंगण पडीक राहिले आणि वरून सांडपाणी येतच राहिले, तर फॉस्फरस गाळात बसतो. तळाशी प्राणवायू संपला की तोच पुन्हा पाण्यात सुटतो. त्यामुळे बाहेरून येणारी घाण थांबवल्यावरही तळे लगेच सुधारत नाही.

कुडचडे येथील सुमारे ४२ हेक्टरचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. याचेही पाणी खालच्या भातशेतीला जाते. म्हणून येथे पक्षिगणनेइतकीच पाण्याच्या व गाळाच्या नियमित तपासणीची गरज आहे.