हाड ठिसूळ झालंय की आजार हाडात गेलाय?

प्रोस्टेटच्या कर्करोगावर हार्मोन उपचार सुरू झाले की काही महिन्यांतच डॉक्टर म्हणतात, ‘एकदा हाडं तपासून घेऊ,’ किंवा ‘हाडांसाठी एक इंजेक्शन लिहून देतो.’ हे ऐकताच घरच्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणजे आजार हाडात उतरला का? तसं असेलच असं नाही. उपचारांमुळे हाडं विरळ होतात, तीच काळजी डॉक्टरांच्या मनात असू शकते. याच्या उलटही घडतं. बोन स्कॅन स्वच्छ आला की ‘माझी हाडं ठणठणीत आहेत’ असं समजून माणूस निर्धास्त होतो आणि हाडांची घनता मोजायची राहूनच जाते. माझ्या मते ही दुसरी चूक जास्त महागात पडते. उगाच वाटलेली भीती पुढच्या भेटीत निघून जाते. विरळ होत गेलेलं हाड मात्र मोडेपर्यंत काहीच सांगत नाही.

हाड एकच, पण दुखणी दोन. पहिलं दुखणं औषधाचं आहे. १९४१ साली चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस या डॉक्टरांनी दाखवून दिलं की टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तोडलं (तेव्हा त्यासाठी वृषणं काढत) की प्रोस्टेटचा कर्करोग आक्रसतो. आजची ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, डेगारेलिक्स ही इंजेक्शनं तेच काम शस्त्रक्रियेशिवाय करतात. अडचण अशी की पुरुषाच्या शरीरात याच टेस्टोस्टेरॉनमधून थोडं इस्ट्रोजेन तयार होतं आणि हाडं टिकवण्याचं बरंचसं काम ते इस्ट्रोजेन करतं. टेस्टोस्टेरॉन गेलं की तेही जातं. हाड झिजण्याचा वेग वाढतो, नवं हाड भरण्याचा वेग त्याला पुरा पडत नाही. एरवी उतारवयात हाडांची घनता वर्षाला अर्धा ते एक टक्का कमी होते. हार्मोन उपचारांच्या पहिल्याच वर्षात कमरेच्या मणक्यांची घनता २ ते ८ टक्क्यांनी उतरू शकते. पन्नास हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरचा एक अमेरिकी अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्या पुरुषांपैकी हार्मोन उपचार घेतलेल्या १९.४ टक्के जणांचं हाड मोडलं होतं. न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १२.६ टक्के होतं.

दुसरं दुखणं आजाराचं. कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे हाडात जाऊन रुजतात, आणि प्रोस्टेटच्या पेशींचा ओढा हाडांकडे फार. मणके, ओटीपोटाभोवतीची हाडं, बरगड्या, मांडीच्या हाडाचा वरचा भाग या त्यांच्या नेहमीच्या जागा. इथे एक गंमत आहे (रुग्णाच्या दृष्टीने गंमत कसली म्हणा). बऱ्याच कर्करोगांच्या पेशी हाड पोखरतात. प्रोस्टेटच्या पेशी बहुधा उलटं करतात, म्हणजे त्या जागी वाटेल तसं नवं हाड घालायला लावतात. एक्स-रेवर ती जागा पांढरीशुभ्र, घट्ट दिसते. पण हे हाड म्हणजे सळ्या न बांधता ओतलेलं काँक्रीट. वजनदार, तरी भार आला की तडकणारं. थोडक्यात, उपचार हाड विरळ करतात आणि आजार ते वेडंवाकडं दाट करतो, मोडायची भीती मात्र दोन्हीकडे.

दोन तपासण्या, दोन वेगळे प्रश्न

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, कारण ‘बोन स्कॅन’ आणि ‘डेक्सा स्कॅन’ ही नावं घरी पोचेपर्यंत ‘हाडांचा स्कॅन’ एवढीच उरतात.

बोन स्कॅनमध्ये शिरेतून टेक्निशियम नावाच्या किरणोत्सारी पदार्थाचं इंजेक्शन देतात, दोन-चार तास थांबवतात, भरपूर पाणी प्यायला लावतात आणि मग डोक्यापासून पायापर्यंत चित्र घेतात. जिथे नवं हाड घडतंय तिथे हा पदार्थ गोळा होतो आणि ती जागा गडद दिसते. हाड किती मजबूत आहे, याबद्दल ही तपासणी काहीच बोलत नाही.

डेक्सा म्हणजे अगदी कमी मात्रेचा एक्स-रे. इंजेक्शन नाही, थांबणं नाही, काही मिनिटांत उरकतं. कमरेचे मणके आणि खुबा इथली घनता मोजून तरुण निरोगी हाडाशी ताडतात आणि त्या फरकाला टी-स्कोअर म्हणतात. उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधे असेल तर हाड विरळ व्हायला लागलंय. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. कर्करोग पसरलाय की नाही, हे डेक्सा सांगू शकत नाही.

म्हणजे स्वच्छ बोन स्कॅन आणि टी-स्कोअर उणे ३ हे एकाच माणसाच्या फायलीत खुशाल शेजारी-शेजारी असू शकतात. डेक्साचा खराब आकडा पाहून आजार पसरला असं समजणंही तितकंच चुकीचं.

दोन्ही तपासण्या फसवूही शकतात. समजा, रिपोर्टवर कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे ०.४ आहे आणि खुब्याचा उणे २.६. वरचा आकडा पाहून हायसं वाटतं. पण उतारवयात मणक्यांना सांधेझिजेमुळे हाडाचे काटे फुटलेले असतात, यंत्र तेही घनतेतच मोजतं. मणक्यात कर्करोगाचा दाट डाग असेल तरी आकडा असाच फुगतो. अशा वेळी विश्वास खुब्याच्या आकड्यावर ठेवायचा. निदानही सगळ्यात खालच्या आकड्यावरूनच ठरतं.

बोन स्कॅनवरचा प्रत्येक गडद डागही कर्करोगाचा नसतो. गुडघ्याची झीज, जुना मार, ठिसूळपणामुळे मोडलेला मणका, सगळं तिथे गडद दिसतं. लागोपाठच्या तीन-चार बरगड्यांवर एका ओळीत ठिपके दिसले तर डॉक्टर आधी विचारतात, ‘मध्यंतरी पडला होता का?’ पडल्यावर बरगड्या अशा ओळीने दुखावतात; आजाराचे डाग कुठेही, कसेही विखुरलेले असतात. म्हणून पडल्याचं, धडपडल्याचं लपवू नये. अनेक पुरुष ते सांगायला लाजतात आणि मग नको ते तपास मागे लागतात. आणखी एक गोष्ट म्हणजे नवं औषध लागू पडल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्कॅनवर डाग वाढलेले दिसू शकतात, कारण आजार मागे हटलेल्या जागी हाड भरून येत असतं. त्यामुळे एकाच स्कॅनवरून उपचार बदलायची घाई जाणते डॉक्टर करत नाहीत. ते पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन) बघतात, रुग्णाला कसं वाटतंय ते विचारतात, आणि गरज पडली तर स्कॅन पुन्हा काढतात.

दुखणं कसं ओळखावं

नुसतं विरळ झालेलं हाड दुखत नाही. ते मोडलं की दुखतं. बादली उचलताना किंवा वाकताना पाठीत एकदम कळ येते, उभं राहिलं की वाढते, आडवं झालं की बरं वाटतं. कधी तेवढंही होत नाही. मणके मुकाट्याने दबत जातात, उंची दोन-तीन सेंटिमीटरने घटते, पाठीला बाक येतो.

आजाराचं दुखणं हळूहळू चढत जातं. ते खोलवर आणि सततचं असतं, विश्रांतीने हटत नाही, रात्री जास्त जाणवतं आणि आठवड्यागणिक वाढतं. उपचार कधी सुरू झाले यावरूनही अंदाज येतो. ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शनांनी पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट उसळतं, त्या दिवसांत हाडातल्या आजाराचं दुखणं वाढू शकतं. म्हणूनच सुरुवातीला जोडीला टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. डेगारेलिक्सचं इंजेक्शन आणि रेलुगोलिक्सची गोळी यांनी अशी उसळी येत नाही. उपचारांमुळे हाड विरळ व्हायला मात्र महिने लागतात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यातल्या नव्या दुखण्याचं खापर ठिसूळपणावर फोडता येत नाही.

रक्त तपासणीचीही मदत होते. हाडं विरळ झाल्याने पीएसए वाढत नाही. आजार हाडात वाढत असेल तर बहुधा पीएसए आणि अल्कलाइन फॉस्फटेज (नवं हाड घडताना रक्तात वाढणारं एन्झाइम) दोन्ही चढतात. बहुधा म्हणतोय, कारण क्वचित पीएसए खाली असतानाही आजार वाढतो, आणि हाड मोडून जुळत असतानाही अल्कलाइन फॉस्फटेज थोडं चढतं. ही सगळी लक्षणं अंदाजासाठी. नवं, न थांबणारं पाठदुखीचं दुखणं असेल तर घरी बसून निदान करू नये.

एका बाबतीत तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहायची नाही. पाठदुखीबरोबर पायातली ताकद कमी झाली, चालताना पाय लटपटायला लागले, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर मणक्यातला आजार मज्जारज्जू दाबत असू शकतो. तडक मोठ्या रुग्णालयात जाऊन तातडीने एमआरआय करून घ्यावा. उपचार सुरू होताना रुग्ण चालत असेल तर पुढेही चालता राहण्याची शक्यता खूप जास्त असते. एकदा पाय गेले की ते परत मिळवणं अवघड.

औषध तेच, मात्रा वेगळी

आता त्या इंजेक्शनाकडे येऊ. डेनोसुमॅब हे औषध दोन्ही दुखण्यांत वापरतात, म्हणून चिठ्ठीवरचं नुसतं नाव वाचून काही ठरवू नये. ठिसूळपणासाठी ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी. हाडात पसरलेल्या आजारात १२० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी. म्हणजे वर्षाचा हिशेब केला तर कितीतरी पट. झोलेड्रोनिक ॲसिडचंही तसंच आहे. ठिसूळपणासाठी ते साधारण वर्षातून एकदा पुरतं, पसरलेल्या आजारात ४ मिलिग्रॅमचे डोस महिन्या-तीन महिन्यांनी द्यावे लागतात. मात्रा आणि अंतर वाचलं की डॉक्टर कोणत्या दुखण्याबद्दल बोलताहेत ते कळतं.

हेतूही वेगळे. पहिल्या मात्रेने घनता टिकते. २००९ सालच्या एका चाचणीत हार्मोन उपचारांवरच्या पुरुषांना तीन वर्षं डेनोसुमॅब दिलं, तेव्हा मणक्यांची नवी मोडतोड ३.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आली. दुसऱ्या मात्रेचा उद्देश आजाराने होणारी मोडतोड आणि मज्जारज्जूवरचा दाब लांबवण्याचा. तीही प्रामुख्याने हार्मोन उपचारांना आजार दाद देईनासा झाल्यावर. हाडात आजार आहे पण हार्मोन उपचारांनी आटोक्यात आहे, अशा रुग्णाला मोठ्या मात्रेचा फायदा दिसलेला नाही. ‘हाडात गेलंय तर दर महिन्याचं इंजेक्शन का नाही?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर हे.

सावधगिरी दोन्हीकडे सारखीच, मोठ्या मात्रेत अधिक काटेकोर. आधी दंतवैद्याकडे जाऊन काढायचे दात काढून घ्यावेत, कारण या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा धोका असतो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते आधी भरून काढावं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. ओठांभोवती मुंग्या येणं, हातापायात गोळे येणं ही त्याची खूण. झोलेड्रोनिक ॲसिडआधी मूत्रपिंडाची तपासणी हवीच.

कॅल्शियम दिवसाला आहार धरून १००० ते १२०० मिलिग्रॅम आणि ड जीवनसत्त्व ८०० ते १००० युनिट, एवढं पुरे. पण नुसत्या गोळ्यांनी हार्मोन उपचारांची झीज थांबत नाही. वजन पेलणारा व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव आणि सिगारेट सोडणं जोडीला हवंच. हाडात डाग असेल तर कोणतं वजन उचलायचं आणि कोणत्या बाजूला पीळ द्यायचा नाही, हे विचारूनच व्यायाम करावा.

दोन्ही दुखणी एकाच माणसाला असणंही विरळा नाही. आजार हाडात, त्यावर वर्षानुवर्षं हार्मोन उपचार, शिवाय ॲबिराटेरोन या कर्करोगाच्या गोळीसोबत रोजचं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, तेही हाड खाणारं. एन्झाल्युटामाइड आणि अपाल्युटामाइड या टेस्टोस्टेरॉन रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण वाढतं. अशा रुग्णाच्या फायलीत सगळं लक्ष पीएसए आणि स्कॅनवर जातं, डेक्सा मागे पडतो. तो मागून घ्यावा. हार्मोन उपचार सुरू होतानाच एक काढून ठेवलेला बरा, म्हणजे पुढे ताडायला आकडा राहतो.

ठिसूळपणासाठी डेनोसुमॅब घेणाऱ्यांनी एक तारीख चुकवायची नाही, ती म्हणजे पुढच्या सहामाही इंजेक्शनाची. याचा परिणाम थांबला की हाडांची झीज उसळी मारून परत येते आणि एकापाठोपाठ एक मणके मोडल्याची उदाहरणं आहेत. हार्मोन उपचार काही काळ थांबवले की ‘आता हाडांचं इंजेक्शन तरी कशाला’ म्हणून लोक तेही परस्पर बंद करतात. थांबवायचंच असेल तर डॉक्टर त्याऐवजी झोलेड्रोनिक ॲसिडसारखं दुसरं औषध देऊन ती उसळी आवरतात, आणि ते शेवटच्या इंजेक्शनाचा परिणाम ओसरण्याच्या सुमारास द्यावं लागतं.