टाळू काढली की जन्मभर नळीनेच जेवण?

‘तोंडाच्या कॅन्सरमध्ये वरचा जबडा काढला की माणूस कायमचा नळीवर, बोलणंही संपलं’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस तसेच दिसतात.

होतं असं की टाळूला भोक पडल्यानं तोंड आणि नाक एक होतं. पाणी नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं. पण जीभ आणि घसा बहुधा शाबूत असतात, गेलेला असतो तो मधला पडदा. त्याचं काम ऑब्च्युरेटर करतो: कवळीसारखी अ‍ॅक्रिलिकची पट्टी आणि भोकात बसणारा फुगीर, बहुतेकदा आतून पोकळ भाग. पहिली पट्टी ऑपरेशन टेबलावरच बसवता येते. पक्की, जखम आक्रसून स्थिरावल्यावर, साधारण ३ ते ६ महिन्यांनी.

पडताळायचं? रुग्ण ‘पापापा’ म्हणत असतानाच (श्वास सोडताना नव्हे) नाकाखाली आरसा धरा. पट्टी काढलेली असेल तर वाफ धरते, नीट बसलेली असेल तर जवळपास नाही.

जीभ किंवा खालचा जबडा गेला असेल तर उपाय वेगळे, आणि गिळायचा त्रास काहींना राहतोही. पहिल्या पट्टीचं माप मात्र ऑपरेशनआधीच घेतात, म्हणून प्रोस्थोडॉन्टिस्टला (कवळी, कृत्रिम दात बसवणाऱ्या दंततज्ज्ञाला) तेव्हाच दाखवा.